दहा हजार कोटींतील आठ



जुन्या पिढीतील अनेकांना लहानपणी दिवेलागणीच्या वेळी परवचा म्हणावा लागे. त्यात एकं, दहं, शतं, सहस्र अशी संख्यांची उतरंड असे. लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व असे करीत मुले पार परार्धापर्यंत जाऊन पोहोचत. व्यवहारात कोटीच्या पुढे जाण्याचा प्रसंग सामान्य संसारी माणसाला क्वचितच येई. त्यामुळे निखर्व ही संख्या केवळ पाठांतरासाठीच जन्माला आली असावी, असा मुलांचा समज होणे स्वाभाविक होते.

एक निखर्व म्हणजे दहा हजार कोटी. आज साऱ्या जगाची लोकसंख्या आठशे कोटींहून थोडी अधिक आहे. अशा बारा पृथ्वींवरील यच्चयावत माणसे एका विशाल मैदानावर उभी आहेत आणि त्यांतील केवळ आठ-नऊ जणांच्या तळहातावर तीळ आहे, अशी कल्पना करावी. त्या आठ-नऊ जणांना हुडकून काढायचे, इतकेच नव्हे तर ते आठ आहेत की तेरा हेही खात्रीपूर्वक सांगायचे, असे काम कोणी कोणाला दिले तर ते थट्टेवारीच नेले जाईल. परंतु जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन केंद्रात सुमारे दोनशे शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षे नेमके हेच काम करीत आहेत. त्यांच्यापुढील मैदानात माणसांऐवजी 'केऑन' नावाचे कण आहेत, एवढाच फरक.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर देण्यासाठी साठ वर्षे मागे जावे लागते.

निसर्गाची भाजणी

पदार्थ अणूंचा बनलेला असतो आणि अणूच्या गर्भात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात, हे शालेय पुस्तकात सर्वांनीच वाचलेले असते. हे प्रोटॉन-न्यूट्रॉनसुद्धा अखेरचे नव्हेत. ते 'क्वार्क' नामक आणखी सूक्ष्म कणांचे बनलेले आहेत. ही कल्पना १९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली. आज क्वार्कांचे सहा प्रकार ज्ञात आहेत. अप आणि डाउन ही पहिली पिढी, चार्म आणि स्ट्रेंज ही दुसरी, टॉप आणि बॉटम ही तिसरी. आपले शरीर, ही वास्तू, हा भूगोल, सारे काही पहिल्या पिढीच्या दोन क्वार्कांतून व इलेक्ट्रॉनांतून घडलेले आहे. उरलेल्या दोन पिढ्या अल्पायुषी. त्या निर्माण होतात आणि क्षणार्धात क्षय पावून हलक्या कणांत रूपांतरित होतात.

हे रूपांतर घडवून आणणाऱ्या बलाला 'दुर्बल बल' म्हणतात. या बलाची एक विलक्षण खोड आहे. ते डाउन, स्ट्रेंज आणि बॉटम या तिघांना वेगवेगळे ओळखत नाही. त्याच्या हाती नेहमी या तिघांचे मिश्रण येते.

घरोघरी थालीपिठाची भाजणी करतात. तीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद यांचे प्रमाण ठरलेले असते. एकदा दळण झाले की मुठीत येते ती भाजणी. त्यातून केवळ ज्वारी वेगळी उचलता येत नाही. दुर्बल बलाचे तसेच आहे. अप क्वार्कशी व्यवहार करताना त्याच्या मुठीत जे मिश्रण येते, त्यात शंभर भागांपैकी सुमारे ९५ भाग डाउन असतो, ५ भाग स्ट्रेंज असतो आणि बॉटम तर चिमटीच्याही चिमटीएवढा. चार्म आणि टॉप यांच्यासाठीच्या भाजण्या वेगळ्या, पण घटक तेच तीन. अशी ही तीन ओळी व तीन स्तंभांची, नऊ घरांची सारणी आहे. तिलाच 'क्वार्क-मिश्रणाची सारणी' असे म्हणतात.

या मिश्रणाची चाहूल प्रथम लागली ती इटलीच्या निकोला काबिबो यांना, १९६३ साली. म्हणजे क्वार्क ही कल्पनादेखील मांडली जाण्यापूर्वी. केऑनसारख्या काही कणांचा क्षय अपेक्षेपेक्षा सुमारे विसाव्या हिश्शाने होतो, याचे कोडे त्या वेळी कोणाला सुटत नव्हते. काबिबो यांनी सांगितले की हे दुर्बल बल दोन प्रकारांत वाटले गेले आहे, आणि वाटणी एका कोनाने ठरते. तो कोन सुमारे १३ अंशांचा आहे. काबिबो त्या वेळी तिशीच्याही आतले होते.

तो कोन १३ अंशांचाच का, २० अंशांचा का नाही, याचे उत्तर आजही कोणापाशी नाही. भाजणीचे प्रमाण आजीने आईला व आईने मुलीला सांगितलेले असते. निसर्गाने आपले प्रमाण कोणालाही सांगितलेले नाही. ते मोजूनच काढावे लागते. या सर्व कथेचे मर्म याच एका वाक्यात आहे.

जगात काही उरलेच का?

काबिबोंच्या शोधानंतर एकच वर्षाने, १९६४ साली, अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जेम्स क्रोनिन व व्हॅल फिच यांनी सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला. विद्युत् भार नसलेल्या दीर्घायुषी केऑनाचा क्षय ते पाहत होते. त्या कणाने दोन 'पायॉन' कणांत मोडता कामा नये, असा तोवरचा दंडक होता. परंतु दर हजारांमागे सुमारे दोन केऑन तसे मोडत असल्याचे त्यांना आढळले. हजारांत दोन म्हणजे अगदी नगण्य वाटणारी संख्या. पण तिचा अर्थ फार दूरगामी होता. पदार्थ आणि त्याचे जणू आरशातील रूप असलेले प्रतिद्रव्य यांना निसर्ग अगदी समान न्याय देत नाही, हे त्या दोनांनी सिद्ध केले. या संशोधनाला १९८० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या चर्चेपुरता नाही. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य समप्रमाणात निर्माण झाले असावे, असे मानले जाते. ती दोन्ही समोरासमोर आली की परस्परांचा नाश करतात आणि मागे केवळ प्रकाश उरतो. न्याय काटेकोर समान असता तर विश्वात प्रकाशावाचून काहीच उरले नसते. तारे नसते, पृथ्वी नसती आणि हा प्रश्न विचारायला माणूसही नसता. साधारणपणे शंभर कोटी जोड्या नष्ट झाल्या तेव्हा एखादा कण शिल्लक राहिला, आणि त्या शिलकीतूनच हे सारे दृश्य विश्व उभे राहिले. ती शिल्लक कोठून आली, हा प्रश्न या संशोधनाच्या मुळाशी आहे.

न घडलेल्या गोष्टीची साक्ष

तपासकामात पुष्कळदा घडलेल्या गोष्टीपेक्षा न घडलेली गोष्ट अधिक बोलकी असते. पदार्थविज्ञानातही तसेच घडले. १९७० च्या सुमारास ज्ञात असलेले क्वार्क तीनच होते. त्या हिशेबाने केऑनाचे काही प्रकारचे क्षय सर्रास दिसावयास हवे होते. ते जवळजवळ दिसतच नव्हते. शेल्डन ग्लॅशो, जॉन इलिओपूलोस आणि लुचियानो मायानी या तिघांनी त्या साली असे मांडले की आणखी एक, चौथा क्वार्क असला पाहिजे. तो पडद्याआड राहून तिसऱ्याचा परिणाम जवळपास पुसून टाकतो, म्हणूनच हे क्षय दिसत नाहीत. चार वर्षांनी, १९७४ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांमध्ये त्या चौथ्या क्वार्कचा, चार्मचा पुरावा मिळाला. कण प्रत्यक्ष सापडण्यापूर्वीच एका क्षयाच्या दुर्मीळपणाने त्याची वर्दी दिली होती.

याहूनही धाडसी पाऊल उचलले ते जपानने. माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा हे दोघेही नागोया विद्यापीठात घडलेले. पुढे क्योतो विद्यापीठात ते एकत्र आले. क्रोनिन-फिच यांना आढळलेल्या पक्षपाताचा उगम क्वार्कांच्या मिश्रणातच शोधता येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. चार क्वार्क घेऊन त्यांनी पुष्कळ आटापिटा केला, गणित जमेना. एके रात्री स्नान करीत असता मास्कावा यांनी चार क्वार्कांचा नाद सोडून द्यायचे ठरविले, आणि टबातून बाहेर येता येता सहा क्वार्क घेतले तर जमेल हे त्यांच्या ध्यानी आले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. दोन पिढ्यांच्या सारणीत केवळ एक कोन मावतो. तीन पिढ्यांच्या सारणीत तीन कोन मावतात आणि वर आणखी एक आकडा उरतो. द्रव्य व प्रतिद्रव्य यांत भेद करतो तो हाच चौथा आकडा.

१९७३ च्या फेब्रुवारीत जपानमधूनच निघणाऱ्या एका नियतकालिकात त्यांचा लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. त्या वेळी जगाला तीन क्वार्क ठाऊक होते. या दोघा तरुणांनी सहा असल्याचे गृहीत धरले होते. १९७७ साली बॉटम सापडला, १९९५ साली टॉप सापडला. परंतु त्यांच्या मूळ म्हणण्याची कसोटी लागायची होतीच. त्यासाठी जपानमध्ये त्सुकुबा येथे आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे खास यंत्रे उभारावी लागली. २००१ साली त्या दोन्ही ठिकाणच्या प्रयोगांनी कोबायाशी-मास्कावा यांचे म्हणणे खरे ठरविले. निबंध आणि पडताळा यांत अठ्ठावीस वर्षांचे अंतर पडले.

२००८ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मास्कावा तोवर परदेशी गेलेच नव्हते. स्टॉकहोमला जाण्यासाठी त्यांना प्रथमच पारपत्र काढावे लागले. तेथील नोबेल व्याख्यान त्यांनी आपल्या मातृभाषेत, जपानीत दिले. इंग्रजी बोलता येत नसल्याचा त्यांना संकोच वाटला नाही आणि जगानेही त्यांना कमी लेखले नाही. अत्युच्च विज्ञान मातृभाषेतून चिंतिले जाऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. ज्यांच्या कोनापासून हे सारे सुरू झाले ते काबिबो मात्र या पारितोषिकात नव्हते. त्याबद्दल अनेकांनी खंत व्यक्त केली. २०१० साली त्यांचे निधन झाले. आज या सारणीला काबिबो, कोबायाशी आणि मास्कावा या तिघांचीही नावे जोडली जातात. पारितोषिक देणाऱ्यांनी जे केले नाही, ते विज्ञानाच्या परिभाषेने केले.

एक आत, एक बाहेर

येथवर कथा यशाची झाली. परंतु येथेच एक अडचण उभी राहते. कोबायाशी-मास्कावा यांच्या सारणीत जो पक्षपात आहे, तो विश्वातील शिलकीचा हिशेब पुरा करण्यास फारच अपुरा पडतो. अर्थात दुसरे काहीतरी कारण असले पाहिजे. आजवर न दिसलेला एखादा कण, आजवर न ओळखलेले एखादे बल. ते शोधायचे कसे?

एक मार्ग म्हणजे अधिकाधिक प्रचंड यंत्रे उभारून तो कण प्रत्यक्ष निर्माण करणे. दुसरा मार्ग १९७० साली दिसून आला होताच. निसर्गात जे जवळजवळ घडत नाही, त्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणे.

विद्युत् भार असलेला केऑन मोडून एक पायॉन आणि दोन न्यूट्रिनो व्हावेत, हा असाच एक क्षय आहे. यात स्ट्रेंज क्वार्कचे रूपांतर डाउन क्वार्कमध्ये व्हावे लागते. या दोघांचा विद्युत् भार सारखाच आहे, आणि असे सरळ रूपांतर निसर्गाला मान्य नाही. मग ते आडवाटेने होते. क्षणभर टॉप क्वार्कसारखा अवजड कण उसना घेऊन, त्याच्या मध्यस्थीने. टॉप क्वार्क केऑनापेक्षा सुमारे साडेतीनशे पट जड असतो. एवढ्या हलक्या कणाला एवढे मोठे कर्ज निसर्ग क्षणाच्या अतिसूक्ष्म अंशापुरतेच देतो. शिवाय सारणीतील ज्या दोन घरांवरून ही वाट जाते, त्या घरांतील आकडे फार लहान आहेत. परिणामी हा क्षय दहा हजार कोटींत आठ-नऊ वेळाच घडतो.

या क्षयाचे खरे मोल असे की सिद्धान्तातून त्याचे प्रमाण मोठ्या अचूकपणे काढता येते. म्हणून प्रत्यक्ष मोजणी आणि गणित यांत तफावत आढळली, तर तिचा अर्थ एकच. त्या आडवाटेवर आणखी कोणीतरी उभा आहे. आज कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नसलेला अवजड कणही आपली पावले या मोजणीत उमटवू शकतो.

मोजणीचा पहिला मान ब्रुकहेवनचा. तेथे केऑनांना थांबवून त्यांच्या क्षयाची वाट पाहत बसावे लागे. १९९७ साली त्या शास्त्रज्ञांनी या क्षयाची एक घटना जाहीर केली. एकच. पुढील बारा वर्षांत ती संख्या सातावर गेली. सात घटनांवरून कोणताही ठाम निष्कर्ष निघत नव्हता, परंतु हा क्षय खरोखर घडतो आणि पाहता येतो, एवढे निश्चित झाले.

त्यानंतर सर्नने हे काम हाती घेतले. प्रयोगाचे नाव 'एनए-६२'. सात किलोमीटर परिघाच्या वर्तुळाकार यंत्रातून निघालेले प्रोटॉन बेरिलियमच्या लक्ष्यावर आदळतात आणि त्यातून कणांचा झोत निघतो. सेकंदाला सुमारे पंचाहत्तर कोटी कण. त्यांत केऑन शेकडा सहाच. हा झोत सुमारे २७० मीटर लांबीच्या उपकरणमालिकेतून जातो. तीत हवा काढून घेतलेली लांबलचक नळकांडी आहेत, त्या निर्वातातच बसविलेल्या सुमारे सात हजार बारीक नळ्या आहेत, निऑन वायूने भरलेले सतरा मीटर लांबीचे पिंप आहे आणि द्रवरूप क्रिप्टॉनची टाकीही आहे. प्रत्येक येणारा केऑन ओळखायचा, प्रत्येक जाणारा पायॉन ओळखायचा आणि दोघांची वेळ सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाहूनही सूक्ष्म मापाने जुळवायची.

न्यूट्रिनो कोणाच्याही हाती लागत नाहीत. ते उपकरणांतूनच काय, सबंध पृथ्वीतूनही आरपार जातात. तेव्हा शोधायची खूण एवढीच उरते : एक केऑन आत आला, एक पायॉन बाहेर गेला आणि बाकी काही दिसले नाही.

तोतयांची पारख

पण 'बाकी काही दिसले नाही' हे म्हणणे सोपे, सिद्ध करणे महाकठीण. कारण तोतयांची संख्या अफाट आहे. शंभरांपैकी सुमारे ६३ केऑन मोडून म्यूऑन व न्यूट्रिनो होतात. म्यूऑन हा पायॉनसारखाच दिसणारा कण आहे. आणखी सुमारे २१ केऑनांतून दोन पायॉन निघतात. त्यांतील एकाला विद्युत् भार नसतो, आणि तो लगेच दोन प्रकाशकणांत विरून जातो. ते दोन प्रकाशकण नजरेतून सुटले की ही घटना हुबेहूब दुर्मीळ घटनेसारखी भासते. म्हणून म्यूऑनाला पायॉन समजण्याची चूक एक कोटीत एकाहून अधिक वेळा होता कामा नये, आणि सुटलेल्या प्रकाशकणांच्या बाबतीतही तितकाच कडक नियम. या शास्त्रज्ञांच्या आयुष्याची कित्येक वर्षे हवे ते शोधण्यात गेली, असे म्हणण्यापेक्षा नको ते वगळण्यात गेली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

या कामातील एक शिस्त आवर्जून सांगण्याजोगी आहे. ज्या पट्ट्यात खऱ्या घटना असण्याची शक्यता असते, तो पट्टा शास्त्रज्ञ स्वतःपासूनच झाकून ठेवतात. त्याला बंद पेटी म्हणावे. तोतये किती शिरले असतील याचा अंदाज आधी बांधायचा, निवडीचे सर्व नियम आधी पक्के करायचे, ते लेखी नोंदवायचे, परस्परांकडून तपासून घ्यायचे, आणि मगच पेटी उघडायची. उघडल्यानंतर नियम बदलायचे नाहीत. आत काय आहे हे आधी दिसले, तर माणूस नकळत आपल्याला हवे तसे नियम वाकवितो. तो अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे, तर तो माणूस असतो म्हणून. मनाचा हा कमकुवतपणा ओळखून त्याला आधीच बांध घालणारी ही रीत आहे. हिशेब तपासणाऱ्यांनी, मतमोजणी करणाऱ्यांनी, किंबहुना सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या प्रत्येकानेच तिच्याकडे पाहावे, असे तिच्यात काही आहे.

२०१६ साली गोळा केलेल्या नोंदींची पेटी उघडली. आत एक घटना होती. २०१७ च्या नोंदींत दोन. २०१८ च्या नोंदींत सतरा. एकूण वीस, आणि त्यांत सुमारे सात तोतये असावेत असा आधीचा अंदाज. मग उपकरणे सुधारली, २०२१ व २०२२ च्या नोंदी जमेस धरल्या आणि २४ सप्टेंबर २०२४ रोजी सर्नमध्ये निकाल जाहीर झाला. एकूण ५१ घटना, त्यांपैकी सुमारे १८ तोतये असण्याचा अंदाज. हा केवळ योगायोग असण्याची शक्यता पस्तीस लाखांत एकाहूनही कमी. विज्ञानाच्या रूढ कसोटीनुसार हा क्षय 'आढळला' असे आता अधिकृतपणे म्हणता आले. एवढा दुर्मीळ क्षय या कसोटीला उतरण्याची ही पहिलीच वेळ होती.

प्रमाण किती निघाले? दहा हजार कोटींमागे तेरा, आणि त्यात सुमारे तिनाची अनिश्चितता. सिद्धान्त सांगतो आठ-नऊ. म्हणजे मोजमाप सिद्धान्ताच्या वर आहे, पण अनिश्चितता लक्षात घेता विरोध आहे असे म्हणता येत नाही. एखाद्या उतावळ्याने 'नवे बल सापडले' अशी दवंडी पिटली असती. या दोनशे जणांनी तसे केले नाही. त्यांनी एवढेच म्हटले की आणखी मोजावे लागेल.

मोजणी पुढे चालू

हाच प्रश्न जपानमध्ये दोन निराळ्या मार्गांनी विचारला जात आहे. तोकाई येथील 'कोटो' हा प्रयोग विद्युत् भार नसलेल्या केऑनाचा असाच क्षय शोधतो. त्याचे अपेक्षित प्रमाण दहा हजार कोटींत केवळ तीन. तेथे तर येणारा कणही दिसत नाही आणि जाणारे न्यूट्रिनोही दिसत नाहीत. २०२१ च्या नोंदींची पेटी उघडली तेव्हा ती रिकामी निघाली. ती रिकामी असल्याचेही त्यांनी तितक्याच काटेकोरपणे प्रसिद्ध केले.

दुसरा मार्ग त्सुकुबाचा. जेथे कोबायाशी-मास्कावा यांचे म्हणणे खरे ठरले, तेथेच आता 'बेल-२' हा नवा प्रयोग चालतो. त्यात केऑनाऐवजी बॉटम क्वार्क धारण करणाऱ्या जड कणांचा क्षय पाहतात. मोडण्याच्या जागी लागूनच सिलिकॉनच्या संवेदकांचे थर बसविलेले आहेत. त्यांतील चौथ्या थराची बांधणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने केली. कुलाब्याच्या समुद्रकिनाऱ्यावरील या संस्थेचे शास्त्रज्ञ त्सुकुबाच्या आधीच्या प्रयोगातही सहभागी होते. २०२३ साली बेल-२ ने जाहीर केले की एक विशिष्ट क्षय, ज्यात एक केऑन व दोन न्यूट्रिनो निघतात, त्याचा पुरावा प्रथमच मिळाला आहे. प्रमाण लाखांमागे सुमारे सव्वादोन. सिद्धान्ताची अपेक्षा लाखांमागे अर्ध्याच्या आसपास. येथेही मोजमाप वर आहे, आणि येथेही शास्त्रज्ञांची भाषा संयमाचीच आहे. कारण अधिक नोंदी जमल्यावर अशा तफावती विरून गेल्याची उदाहरणे या क्षेत्रात पुष्कळ आहेत.

सर्नमधील केऑनांच्या संशोधनाची परंपरा कित्येक दशकांची आहे. तिच्यापुढे मात्र एक प्रश्नचिन्ह उभे राहिले आहे. एनए-६२ च्या पुढची पायरी म्हणून 'हाईक' नावाचा प्रस्ताव मांडण्यात आला होता. मार्च २०२४ मध्ये सर्नने त्या भूमिगत दालनाचे भवितव्य ठरविताना 'शिप' या दुसऱ्या प्रयोगाच्या बाजूने कौल दिला. तोही मोलाचाच प्रयोग आहे, त्याचाही शोध नव्या कणांचाच आहे. पण जागा एकच होती. गंमत अशी की हा कौल आधी झाला आणि एनए-६२ चा ऐतिहासिक निकाल त्यानंतर सहा महिन्यांनी आला. आपल्या कामाला पुढची पिढी लाभणार नाही, हे ठाऊक असतानाही त्या गटाने पेटी उघडताना एकही नियम सैल केला नाही. जमलेल्या नोंदींतून तेरा खरे की आठ, याचे उत्तर जितके काटेकोर काढता येईल तितके काढायचे, हेच त्यांनी आपले कर्तव्य मानले.

या साऱ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. रोख उपयोग आज सांगता येणार नाही. भाकरी स्वस्त होणार नाही, रस्ता रुंद होणार नाही. परंतु आपण आहोत ते का आहोत, या प्रश्नाला मनुष्याने आजवर अनेक परींनी हात घातला. त्यांतील ही एक परी आहे, आणि तीत कोणाच्याही मताला, वयाला वा मानमरातबाला सवलत नाही. क्योतोच्या तरुणांचा निबंध अठ्ठावीस वर्षे पडताळ्याची वाट पाहत राहिला. ब्रुकहेवनच्या मंडळींनी एका घटनेसाठी वर्षे वेचली. एनए-६२ च्या निकालपत्रावर शेकडो नावे आहेत. त्यांतील बहुतेकांचे नाव वृत्तपत्रांत कधी येणार नाही. कोणी दहा वर्षे केवळ म्यूऑन वगळले, कोणी निर्वाताची नळकांडी राखली, कोणी रात्रपाळीला बसून कणांचा झोत सांभाळला. त्या सर्वांच्या श्रमांतून अखेर एक आकडा हाती आला, आणि तोही 'अजून मोजा' असे सांगणारा.

परवच्यातील निखर्व ही संख्या पाठांतरापुरती नव्हती. तिच्यात दडलेले आठ-नऊ कण हुडकणारी माणसे आज या पृथ्वीवर आहेत. आज संध्याकाळी एखाद्या घरी नातवाला परवचा शिकविताना आजोबा निखर्वापाशी क्षणभर थांबले आणि त्यांनी ही हकिकत त्याला सांगितली, तर उद्याच्या मोजणाऱ्यांत कदाचित त्या नातवाचीही भर पडेल. मोजायचे अजून पुष्कळ बाकी आहे.